जुन्या खगोलवाल्यांची पत्रं कशी वाचायची, घरबसल्या आणि फुकटात

दरवर्षी १८ ऑगस्ट आला की इंदूरच्या मराठी ग्रुपांवर तो एक मेसेज हमखास फिरतो, की विजयदुर्गाच्या किल्ल्यावरून लॉकियर नावाच्या साहेबाने १८६८ च्या ग्रहणात हेलियम शोधला, खाली किल्ल्याचा फोटो, त्याखाली झेंडे आणि जोडलेले हात. मग कोणीतरी विचारतं, भिया सोर्स क्या है, आणि त्या बिचाऱ्याला कोणी उत्तर देत नाही. तर ते उत्तर स्वतःचं स्वतः काढता येतं, त्या काळच्या शास्त्रज्ञांनी एकमेकांना लिहिलेली पत्रं वाचून, आणि त्यासाठी लंडनला जायला लागत नाही की कुठली डिग्री लागत नाही, फोन पुरतो, लॅपटॉप असला तर डोळ्यांना बरं. मी कसं करते ते सांगते. हेलियमचं काय झालं तेही सांगते, पण त्याच्याआधी थोडी तयारी हवी नाहीतर तारखांमध्ये गोंधळ होणार म्हणजे होणारच.

पहिली गोष्ट, हाताने लिहिलेल्या पत्रांपासून सुरुवात करूच नका. सगळे तीच चूक करतात, कुठल्यातरी संग्रहाच्या साइटवर जातात, पिवळट कागदावरचं गिचमिड अक्षर बघतात आणि दहा मिनिटात टॅब बंद. त्या काळात पत्रं मोठ्या प्रमाणात छापली जायची हे आधी लक्षात घ्या. शूमाखर नावाच्या माणसाने आल्टोना गावातून १८२१ मध्ये आस्ट्रोनोमिश नाखरिश्टन हे खगोलाचं मासिक काढलं, आल्टोना म्हणजे हॅम्बुर्गच्या शेजारचं, तेव्हा डेन्मार्कच्या राजाकडे होतं, आणि सुरुवातीचे अंक उघडले की पानामागून पान अमुक प्रोफेसरांचं संपादकांना पत्र, तमुक वेधशाळेच्या डायरेक्टरांचं संपादकांना पत्र असंच दिसतं. लंडनच्या रॉयल अॅस्ट्रोनॉमिकल सोसायटीचं मंथली नोटिसेस पण तसंच. ही दोन्ही मासिकं नासाच्या एडीएस नावाच्या साइटवर स्कॅन करून ठेवलेली आहेत, जुने अंक फुकट. पॅरिसच्या अकादमीच्या बैठकांचे छापील वृत्तांत, म्हणजे काँत रांद्यू, फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या गालिका साइटवर आहेत. फ्रेंच येत नाही म्हणून अडायचं कारण नाही, पानाचा स्क्रीनशॉट फोनच्या भाषांतर अॅपमध्ये टाकला की काम चालण्याइतकं कळतं, फक्त आकडे आणि नावं मूळ पानावर परत बघायची, अॅप तिथे हमखास घोळ घालतं.

छापील वाचून हात बसला की मग हस्तलिखित. इंग्लंडच्या जॉन हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाच्या पत्रव्यवहाराची जी यादी बनवलेली आहे तिच्यात चौदा हजारांहून जास्त पत्रं आहेत, एका माणसाची! डार्विनची पंधरा हजारांच्या वर, आणि ती तर अक्षर लावून, टायपून, टिपांसकट वेबसाइटवर टाकलेली आहेत, केंब्रिजवाल्यांनी अनेक दशकं खपून केलेलं काम आहे. डार्विन खगोलवाला नव्हता हे खरं पण नवशिक्याला सरावासाठी त्याच्याइतकं सोपं दुसरं काही नाही, एका बाजूला टायपलेलं वाचायचं आणि जमेल तिथे मूळ स्कॅन बघून अक्षर ओळखायला शिकायचं. केंब्रिजचीच एप्सिलॉन नावाची साइट आहे, तिथे एकोणिसाव्या शतकातल्या बऱ्याच शास्त्रज्ञांची पत्रं एकत्र सर्च करता येतात, नाव टाका, वर्ष टाका. मी म्हणेन सुरुवातीला एकच माणूस घ्या, त्याचं एकच वर्ष घ्या, आणि तेवढंच पुरं करा. इकडून एक तिकडून एक असं चाखत बसलात तर सराफ्यातल्या खाऊच्या गाड्यांवर रात्री हिंडल्यासारखं होईल, पोट भरेल पण काय खाल्लं ते सांगता येणार नाही.

आता मुख्य मुद्दा, आणि बाकी सगळं विसरलात तरी हा विसरू नका. कुठल्याही पत्राला एक तारीख नसते, निदान तीन असतात. लिहिल्याची, पोचल्याची, आणि चार लोकांसमोर वाचल्याची किंवा छापल्याची. मी दिवसभर अकाउंट्समध्ये असते त्यामुळे मला हे पटकन पटलं, बिलाची तारीख, एन्ट्रीची तारीख आणि पेमेंटची तारीख यांत जो फरक असतो त्यातच सगळी भांडणं असतात. शास्त्रज्ञांची भांडणं पण तिथलीच. शोध कोणी आधी लावला असं जेव्हा म्हणतात तेव्हा आधी म्हणजे या तीनपैकी कुठल्या तारखेला धरून, हे विचारायचं.

म्हणून एक साधी शीट बनवा. कोणी, कोणाला, कुठून, लिहिल्याची तारीख, पोचल्याची, वाचल्याची किंवा छापल्याची, मध्ये कोणाच्या हातून गेलं, आणि आता मूळ कागद कुठे आहे. शेवटचे दोन रकाने लोक गाळतात आणि नंतर पस्तावतात. पोचल्याची तारीख कुठे मिळते? पोस्टाच्या शिक्क्यावर, किंवा पत्राच्या मागे पत्र घेणाऱ्याने बारीक अक्षरात कधी आलं, कधी उत्तर दिलं ते टिपून ठेवलेलं असतं तिथे, किंवा मग त्याच्या उत्तराच्या पहिल्या ओळीत, तुमचं अमक्या तारखेचं पत्र आज मिळालं वगैरे. ती पहिली ओळ लोक औपचारिक म्हणून सोडून देतात, मी ती सगळ्यात आधी वाचते.

पोस्टाचा थोडा अंदाज हवा. इंग्लंडमध्ये १८४० च्या आधी पत्राचे पैसे साधारणपणे घेणाऱ्याने द्यायचे, अंतर मोजून आणि कागद मोजून, पाकीट घातलं तर तोही एक कागद धरायचे. म्हणून त्या आधीची पत्रं बघाल तर पाकीट नसतंच, कागदच दुमडून, लाख लावून, बाहेरच्या बाजूला पत्ता. आणि कागद वाचवायला काही लोक आडवं लिहून झालं की पान फिरवून त्याच्यावरच उभं लिहायचे, जाळीसारखं दिसतं, बघूनच घाम फुटतो. त्यावर उपाय असा की स्कॅन मोठा करून एका दिशेच्याच ओळी वाचत जायच्या, बोट किंवा पट्टी ठेवून, दुसऱ्या दिशेकडे बघायचंच नाही, थोड्या वेळाने डोळा आपोआप गाळायला लागतो. १० जानेवारी १८४० पासून अर्ध्या औंसाला एक पेनी, देशात कुठेही, आणि मग पत्रांचा पूर आला. आपल्याकडे हे १ ऑक्टोबर १८५४ पासून, पाव तोळ्याच्या पत्राला अर्धा आणा, अंतर कितीही असो. (होळकर संस्थानाची स्वतःची तिकिटं मात्र बरीच नंतर, १८८६ मध्ये निघाली, कोणाच्या घरी जुन्या ट्रंकेत असतील तर नीट ठेवा, चिकटवहीत डकवू नका.)

तारखांचे सापळे आता. रशियाचं कॅलेंडर तेव्हा आपल्यापेक्षा १२ दिवस मागे, त्यामुळे पुल्कोवो वेधशाळेतून श्ट्रूव्हेचं पत्र आलं तर त्यावर कधीकधी अपूर्णांकासारख्या दोन तारखा दिसतात, वर जुनी खाली नवी, आणि एकच असेल तर कुठली ते तपासायचं. काही लोक महिन्याचं नाव आकड्याने लिहायचे, ७ आणि पुढे बारीक अक्षरं, हा जुलै समजू नका, हा सप्टेंबर, आपल्या सप्त-अष्टसारखंच ते, ८ म्हणजे ऑक्टोबर, ९ म्हणजे नोव्हेंबर. इंग्रजी पत्रात तारखेपुढे इन्स्ट. लिहिलेलं असलं तर चालू महिन्याची, अल्ट. असलं तर गेल्या महिन्याची, म्हणजे पत्र १ तारखेचं असेल आणि त्यात २७ अल्ट. लिहिलं असेल तर तो चार-पाच दिवसांपूर्वीचा दिवस.

पण सगळ्यात वाईट सापळा हा. खगोलवाल्यांचा दिवस मध्यरात्री सुरू व्हायचा नाही, दुपारी बाराला सुरू व्हायचा! रात्रभर निरीक्षण करताना मधेच तारीख बदलायला नको म्हणून, आणि तास ० ते २४ मोजायचे. हे १९२४ संपेपर्यंत चाललं, १९२५ पासून बदललं. म्हणजे कोणी लिहिलं की २ तारखेला १७ तासांनी धूमकेतू दिसला, तर आपल्या हिशोबाने ती ३ तारखेची पहाटे पाच. १२ तास लिहिलं तर ती दुपार नव्हे, मध्यरात्र. आणि तीच माणसं बायकोला पत्र लिहिताना साधी तारीख वापरायची. म्हणून शीटमध्ये एक रकाना जास्तीचा ठेवा, पत्रातली तारीख जशी आहे तशी एकीकडे, आपल्या हिशोबाची दुसरीकडे, आणि मूळ तारीख कधीही पुसू नका.

याचं एक झकास उदाहरण आपल्या मद्रासचं आहे. २७ नोव्हेंबर १८७२ ला युरोपात उल्कांचा जबरदस्त वर्षाव झाला, बिएला नावाच्या धूमकेतूच्या वाटेवरचा, तो धूमकेतू आधी दोन तुकडे होऊन मग गायबच झालेला होता. जर्मनीतल्या गटिंगेन वेधशाळेच्या क्लिंकरफ्यूस यांनी हिशोब केला की जर धूमकेतू पृथ्वीला घासून गेला असेल तर तो आता दक्षिणेकडे दिसणार, युरोपातून नाही, मग दक्षिणेकडे ओळखीचं कोण? मद्रास वेधशाळेचे पॉगसन. ३० नोव्हेंबरला क्लिंकरफ्यूस यांनी पॉगसनना तार केली, मजकूर एवढाच की बिएला २७ ला पृथ्वीला स्पर्श करून गेला, थीटा सेंटॉरीजवळ (हा दक्षिणेकडचा एक तारा) शोधा. पॉगसन यांनी नंतर पत्रात लिहिलं की पहिल्या दोन पहाटे ढग आणि पाऊस, आणि तिसऱ्या वेळी सव्वासतरा तासांच्या सुमारास ढगात निळी फट मिळाली आणि तिच्यात धूमकेतू सापडला. सव्वासतरा, म्हणजे आपली पहाटेची सव्वापाच. हे माहीत नसेल तर माणूस म्हणेल संध्याकाळी सव्वापाचला मद्रासमध्ये उजेडात धूमकेतू कसा दिसला बुवा. पॉगसन यांना दिसला तो बिएलाच होता का यावर पुढे बरीच शंका घेतली गेली, हिशोब नीट जुळत नाही, पण आपला मुद्दा वेगळा आहे, तारेत जेमतेम दहा शब्द आणि पत्रात ढग, पाऊस, वेळ, सगळं. तार सापडली की तिच्यामागून गेलेलं पत्र शोधायचंच.

आता एक पूर्ण केस सावकाश बघू, नेपच्यूनची, कारण यात सगळी पत्रं छापील मिळतात आणि तारखांचा खेळ इतका स्वच्छ दुसरीकडे नाही. युरेनस हिशोबाप्रमाणे चालत नव्हता, म्हणून बाहेर अजून एक ग्रह असावा असं गणित दोघांनी वेगवेगळं केलं, केंब्रिजच्या अॅडम्सने आणि पॅरिसच्या ल व्हेरिएने. अॅडम्स ऑक्टोबर १८४५ मध्ये ग्रीनिचला गेला, राज-खगोलशास्त्रज्ञ एअरी भेटले नाहीत, तो कागद ठेवून परत आला. एअरी यांनी ५ नोव्हेंबरला उत्तर लिहिलं आणि त्यात एक प्रश्न विचारला, की तुझ्या गणिताने युरेनसचं सूर्यापासूनचं अंतर पण बरोबर येतं का. आता शीटमध्ये पुढची ओळ भरायला जा, अॅडम्सचं उत्तर, तारीख? रिकामी. त्या वेळी उत्तर गेलंच नाही. इथे लोक पान उलटून पुढे जातात, मी म्हणते रिकामा रकाना म्हणजेच माल आहे. पुढे फार वर्षांनी, आपल्या काळात, अॅडम्सच्या घरच्या कागदांत कॉर्नवॉलमध्ये नोव्हेंबर १८४५ चा उत्तराचा अर्धवट मसुदा मिळाला, म्हणजे गडी लिहायला बसला होता, पूर्ण केलं नाही, धाडलं नाही.

आता दुसरी बाजू. २६ जून १८४६ ला एअरी तोच प्रश्न ल व्हेरिएला विचारतात, आणि पॅरिसहून उत्तराची तारीख बघा, २८ जून. दोन दिवस! आणि २६ जूनच्या आपल्या पत्रात एअरी यांनी अॅडम्सबद्दल ल व्हेरिएला एक अक्षर सांगितलेलं नाही. जुलैत एअरी यांच्या सांगण्यावरून केंब्रिजच्या चॅलिस यांनी आकाश धुंडाळायला घेतलं, ऑगस्टात ग्रह त्यांच्या नोंदीत दोनदा येऊन गेला, पण जुन्या नोंदीशी ताडून बघितलं नाही म्हणून कळलंच नाही.

मग ल व्हेरिए काय करतो, तर त्याला आठवतं की बर्लिनच्या गाले नावाच्या तरुणाने आपला प्रबंध आपल्याला पाठवला होता, बरेच महिने झाले, आपण पोच पण दिली नाही. तो १८ सप्टेंबरला पत्र लिहितो, आधी प्रबंधाची तारीफ, आणि मग हळूच विनंती, की अमुक ठिकाणी दुर्बीण लावून बघा. हे पत्र वाचायला मला फार मजा येते, उशिराने पोच देताना माणूस काय काय साखरपेरणी करतो ते बघण्यासारखं आहे, आणि एवढा तोंडाने फटकळ म्हणून नावाजलेला माणूस. पत्र बर्लिनला २३ ला पोचलं. त्याच दिवशी वेधशाळेचे डायरेक्टर एंके यांचा ५५ वा वाढदिवस, ते घरी जेवणात, त्यांनी ठीक आहे बघा म्हटलं. डारे नावाच्या विद्यार्थ्याने सुचवलं की नव्या नकाशाशी ताडून बघू, तो भाग छापून झाला होता पण अजून बाहेर वाटलेला नव्हता, आणि मध्यरात्रीच्या आसपास गाले दुर्बिणीतून तारे वाचत जातो, डारे नकाशावर टिक करत जातो, आणि एका ताऱ्यापाशी डारे म्हणतो हा नकाशात नाही. सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत. २५ ला गालेने ल व्हेरिएला कळवलं की तुम्ही जागा दाखवलीत तो ग्रह खरोखरच आहे.

या केसमध्ये करायचं काय, तर शीटमध्ये या आठ-दहा पत्रांच्या ओळी तारखेप्रमाणे लावा आणि नुसतं अंतर बघा. पॅरिस-बर्लिन पाच दिवस. एअरी-ल व्हेरिए प्रश्नोत्तर दोन दिवस. एअरी-अॅडम्स प्रश्नोत्तर, कित्येक महिने नाही. पुढे इंग्रज-फ्रेंचांचं जे काही महाभांडण पेटलं ते या तीन आकड्यांतून कळतं. आणि बर्लिनची पहिली नोंद २३ सप्टेंबर, १२ तासांची आहे, ती दुपारी बाराची म्हणून छापणारे महाभाग आहेत, तुम्ही आता त्यात नाही. एअरी यांनी १३ नोव्हेंबर १८४६ ला रॉयल अॅस्ट्रोनॉमिकल सोसायटीपुढे ही पत्रं वाचून दाखवली, छापील मिळतात, तिथून सुरू करा. पण हेही लक्षात ठेवा की ती एअरी यांनी निवडलेली पत्रं आहेत, स्वतःवर बोट उठलेलं असताना. माणूस चांगला शिस्तीचा होता, चिठ्ठीचपाटी पण फाइल करून ठेवायचा, तरी निवड ती निवड. आणि त्याची ती मूळ नेपच्यूनची फाइल तर ग्रीनिचहून विसाव्या शतकात गायब झाली, १९९८ मध्ये चिलीत एग्गेन नावाच्या खगोलशास्त्रज्ञाच्या मृत्यूनंतर त्यांच्या सामानात निघाली! म्हणून म्हटलं मूळ कागद कुठे आहे तो रकाना भरा.

पोस्टावरचं आणखी एक प्रकरण छोटं आहे पण गोड आहे. डेन्मार्कच्या राजाने नव्या धूमकेतूला सुवर्णपदक ठेवलेलं, अट अशी की दिसल्यावर पहिल्या टपालाने कळवायचं. अमेरिकेत नँटकेट बेटावर मारिया मिचेलने १ ऑक्टोबर १८४७ ला धूमकेतू पकडला, वडिलांनी ३ ला हार्वर्डच्या बाँड यांना लिहिलं, आणि त्याच ३ ला रोममध्ये दे व्हिको यांना तोच धूमकेतू दिसला आणि त्यांची बातमी युरोपात अर्थातच आधी फिरली. पदक शेवटी मारियालाच मिळालं, पण हार्वर्डच्या अध्यक्षांना पत्रं लिहून खटपट करायला लागली. इथे कोणी आकाश किती वेळ बघितलं यावर वाद नव्हताच, टपाल कधी निघालं यावर होता.

हस्ताक्षराबद्दल थोडक्यात. इंग्रज आणि फ्रेंच अक्षर सवयीने येतं. जर्मन मात्र कुरेंट लिपीत लिहायचे, ती रोमन अक्षरं ओळखणाऱ्याला पण वाचता येत नाही, ज्यांच्या आजोबांचे मोडीतले कागद घरात आहेत त्यांना कळेल मी काय म्हणते, भाषा आपली आणि कागद परका. ट्रान्सक्रिबस नावाचं सॉफ्टवेअर हस्ताक्षर ओळखून टाइप करून देतं, त्याची मदत घ्या, पण आधी संबोधन आणि सही स्वतः लावा. नुसतं सर, मग माय डियर सर, मग डियर हर्शेल, हा प्रवास किती वर्षांत झाला ते बघितलं की दोघांचं किती जमत होतं ते आतला मजकूर न वाचता कळतं, आणि मधेच परत सर वर आले तर समजायचं काहीतरी बिनसलंय. गाउस-बेसेल, बेसेल-ऑल्बर्स, गाउस-शूमाखर यांची पत्रं त्याच शतकात पुस्तकरूपाने छापली गेली होती, त्यामुळे जर्मनांसाठी कुरेंटशी झटापट करायची फारशी गरज नाही, इंटरनेट आर्काइव्हवर शोधा. बेसेलचं एक पत्र तर इंग्रजीतच छापील आहे, २३ ऑक्टोबर १८३८, क्योनिग्सबर्गहून जॉन हर्शेलला, ६१ सिग्नी या ताऱ्याचं अंतर मोजलं म्हणून. कोणत्या ताऱ्यांशी तुलना केली, किती चूक असू शकते, सगळं त्यात. एखाद्या ताऱ्याचं अंतर पटण्यासारखं मोजल्याची बातमी, आणि ती मित्राला पत्राने. पहिलं पत्र म्हणून मी सगळ्यांना हेच वाचायला सांगते.

तर आता हेलियम. शीट उघडा. १८ ऑगस्ट १८६८, खग्रास ग्रहण, फ्रान्सचे जान्सेन गुंटूरला. सूर्याच्या कडेच्या ज्वाळांच्या वर्णपटातल्या (म्हणजे प्रकाश फोडल्यावर दिसणाऱ्या रंगांच्या पट्ट्यातल्या) रेषा त्यांना इतक्या ठळक दिसल्या की दुसऱ्या दिवशी ग्रहण नसतानाही त्यांनी त्या बघितल्या. पत्र कधी लिहिलं? १९ सप्टेंबर, काकीनाड्याहून, एक महिना लावला. छापील शीर्षकात काकीनाडाच आहे त्यामुळे ग्रहणही तिथूनच पाहिलं असं वाटतं, जागेचा रकाना असा फसवतो. इकडे लॉकियर कुठे होते? लंडनला. ग्रहण त्यांनी पाहिलंच नव्हतं, २० ऑक्टोबरला घरच्या दुर्बिणीने, ग्रहणाशिवाय, त्याच ज्वाळांचा वर्णपट त्यांनी स्वतंत्रपणे मिळवला आणि पॅरिसला कळवलं. दोघांची पत्रं अकादमीत एकाच बैठकीत आली, २६ ऑक्टोबर. बघितलं दोन महिन्यांच्या फरकाने, पोचलं एकाच दिवशी. अकादमीने भांडण लावलं नाही, १८७२ मध्ये दोघांचे चेहरे असलेलं पदक पाडलं.

आणि या दोन्ही पत्रांत हेलियम हा शब्द शोधा, नाही. त्यांची बातमी ग्रहणाशिवाय ज्वाळा बघायच्या युक्तीची होती. त्या वर्णपटातली एक पिवळी रेषा, जी पुढे हेलियमची निघाली, ती सोडियमची नाही, शेजारची आहे, हे पटायला आणि तिला नाव पडायला पुढचा काळ गेला, आणि पृथ्वीवर हेलियम हाताला लागला रसायनशास्त्रज्ञ रॅमसे यांना, मार्च १८९५ मध्ये, त्यांनी नळ्या भरून तपासायला क्रुक्स आणि लॉकियर यांच्याकडे धाडल्या. मग विजयदुर्ग? लॉकियर विजयदुर्गला खरंच आले होते, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला, तेव्हा त्या ग्रहणासाठी बरेच परदेशी आपल्याकडे उतरले होते, सोलापूरकडच्या जेऊरला लिक वेधशाळेचे कॅम्पबेल होते आणि पुण्याच्या वेधशाळेचे नेगमवालाही तिथेच. म्हणजे मेसेजमध्ये किल्ला खरा, साहेब खरा, ग्रहण खरं, फक्त साल तीस वर्षांनी चुकलेलं, आणि लॉकियर किल्ल्यावर चढले तेव्हा हेलियम बाटलीत येऊन तीन वर्षं होत आली होती. ग्रुपवर हे लिहाल तर तारखांची शीट पण जोडा नाहीतर देशद्रोही ठराल, आणि विजयदुर्गाला कमी लेखू नका, १८९८ ची गोष्ट तिची तिच्या जागी चांगलीच आहे.

आपल्या भागातलं काही वाचायचं असेल तर इंदूरहून भोपाळला जाताना सीहोर लागतं, तिथे १८३० च्या दशकात विल्किन्सन नावाचा इंग्रजांचा पोलिटिकल एजंट होता, तो पंडितांकडून भास्कराचार्यांचा सिद्धान्त शिकवून घेऊन त्याच्या आधाराने कोपर्निकस समजावून द्यायचा, त्याबद्दल त्याने कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीला कळवलेलं १८३४ च्या जर्नलमध्ये छापील आहे. पुढे बनारसला गाजलेले बापूदेव शास्त्री सीहोरलाच शिकले. आणि ग्वाल्हेरवाल्यांनी विसाजी रघुनाथ लेले शोधा, सायन पंचांगाच्या (म्हणजे ऋतूंशी जुळवून ठेवलेल्या पंचांगाच्या) वादातले, शंकर बाळकृष्ण दीक्षितांच्या भारतीय ज्योतिषशास्त्राच्या इतिहासात त्यांची माहिती आहे. त्या वादातला मजकूर जुन्या मराठी वर्तमानपत्रांत विखुरलेला, तिथे एप्सिलॉन वगैरे काही नाही, वाचनालयात बसून फायली उलटाव्या लागतात, रुमाल बांधून, धूळ फार असते.

शेवटी, एखादं पत्र ऑनलाइन नसेल तर संग्रहाला ईमेल करा, लोक उगाच लाजतात. त्यांच्या कॅटलॉगमधला नंबर जसाच्या तसा लिहा, कोणाचं कोणाला, तारीख, आणि तुम्हाला नेमकी कुठली पानं हवीत ते. मला हर्शेलचं सगळं पाठवा असं लिहिलंत तर उत्तर येणार नाही. स्कॅनचे पैसे किती ते आधी विचारा, काही जागा दोन-चार पानं फुकट देतात, काही पौंडात सांगतात आणि मग आपण नको म्हणतो. वापर घरगुती अभ्यासासाठी आहे की कुठे छापायला तेही स्पष्ट लिहा, छापायची परवानगी वेगळी असते. आणि पत्राची मागची बाजू पण स्कॅन करा हे वेगळ्या ओळीत सांगा, नाहीतर शिक्का आणि पोच राहून जाते.